जुन्या गाडीचे सांधे

मागच्या अंकात या सदरात गुडघेदुखीवर लेख होता, त्याच्या आधीच्या अंकात ४०१-के वर. गाडीच्या पुढच्या चाकांविषयी लिहू का असे मी संपादकांना विचारले, तेव्हा त्यांनी साहजिकच प्रश्न केला, "हे आरोग्यात बसतं की अर्थकारणात?" मी म्हटले, दोन्हींत. खालची हकिकत वाचून वाचकांनीच काय ते ठरवावे.

गेल्या वर्षी माझा भाचा पुण्याहून एम. एस. साठी नेवार्कला आला. त्याच सुमारास आम्ही नवी मिनीव्हॅन घेतली होती, म्हणून २००९ सालची आमची जुनी सेडान त्याला द्यायचे ठरले. चार सिलिंडरची, फ्रंट व्हील ड्राइव्ह, १ लाख ६४ हजार मैल झालेली, पण इंजिन ठणठणीत. ताईचा पुण्याहून फोन आला, "अगं, इतकी जुनी गाडी देतेस त्याला? हायवेवर चालेल ना?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितले, "ताई, इथे गाडी दर दोन वर्षांनी सरकारी तपासणीतून जाते. काचेवर स्टिकर आहे. काळजी करू नकोस."

हे मी तिला सांगितले ते चूक होते. न्यू जर्सीत ऑगस्ट २०१० पासून खाजगी गाड्यांची यांत्रिक तपासणी बंद झालेली आहे. तपासणी केंद्रात बघतात तो फक्त धुराचा भाग. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन यांना तिथे कोणी हात लावत नाही. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात आणि न्यू यॉर्कमध्ये दरवर्षी सुरक्षिततेची तपासणी होते, तिथे पुढची चाके बघतात. मिशिगनमध्ये अशी नियमित तपासणी नाहीच, आणि टेक्ससनेही खाजगी गाड्यांची सुरक्षा-तपासणी १ जानेवारी २०२५ पासून बंद केली. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळ जणांच्या जुन्या गाडीची पुढची चाके जाग्यावर आहेत की नाहीत हे बघण्याची जबाबदारी आता सरकारची नाही, आपलीच आहे. मला हे माहीत नव्हते. इतकी वर्षे त्या स्टिकरकडे मी डॉक्टरच्या सर्टिफिकेटसारखी बघत आले होते.

गाडी द्यायच्या तीन आठवडे आधी डाव्या पुढच्या चाकातून आवाज येऊ लागला. आमच्या गल्लीतल्या स्पीड ब्रेकरवरून, किंवा खराब रस्त्यावरून सावकाश जाताना, टक-टक, टक-टक. हायवेवर काही नाही. तेलपाण्यासाठी नेहमी जाते त्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली. अर्ध्या तासाने त्यांनी छापील एस्टिमेट हातात ठेवले. दोन्ही बाजूंचे कंट्रोल आर्म बॉल जॉइंटसकट, दोन्ही बाहेरचे टाय रॉड एंड, दोन्ही स्ट्रट, स्वे बारच्या लिंक, आणि शेवटी अलाइनमेंट. एकूण २,३८० डॉलर.

आकडा बघून माझा पारा चढला. बाईमाणूस बघून सगळा पुढचा भाग बदलायला सांगतात, असा पहिला विचार मनात आला. (हा अनुभव आपल्या मंडळातल्या किती जणींना आला असेल, त्याचा एक वेगळा लेख होईल.) मी एस्टिमेट घडी करून पर्समध्ये टाकले आणि घरी आले. संगणकाच्या प्रोग्रॅममधली चूक शोधायची माझी रोजची सवय, एकेक भाग वेगळा करून बघायचा, तीच इथे लावली. आवाज कशाचा ते शोधायचे, तेवढे दुरुस्त करायचे, बाकीचे फुकटचे.

आणि आवाज सापडला. स्वे बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी स्प्रिंग स्टीलची आडवी दांडी. वळणावर गाडी एका बाजूला कलू नये म्हणून ती असते. तिची दोन टोके बोटभर जाडीच्या लिंकने स्ट्रटला जोडलेली असतात आणि लिंकच्या दोन्ही टोकांना लहान गोळीचा सांधा असतो. डावी लिंक हाताने धरून हलवली तर खुळखुळ्यासारखी वाजली. शनिवारी सकाळी दोन्ही बाजू जॅकवर घेतल्या, चाके काढली आणि लिंक बदलल्या. दोन्हींचे मिळून ५८ डॉलर. गंजलेल्या नटवर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवले होते, तरी तासभर घाम गाळावा लागलाच. पण दुपारी गाडी गल्लीतून फिरवली तर टक-टक पूर्ण बंद. नवऱ्याला मी ऐटीत सांगितले, "२,३८० वजा ५८!" आणि भाच्याला फोन केला की पुढच्या रविवारी गाडी घेऊन जा.

रविवारच्या आधी शनिवारी आमच्याकडे जेवायला मंडळातले एक काका आले होते. पिंपरीला टेल्कोत बरीच वर्षे काढून निवृत्त झालेले, आता इथे मुलाकडे असतात. मी लिंकची विजयगाथा रंगवून सांगितली. काकांनी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली.

"अगं, आवाज गेला म्हणजे रोग गेला असं तुला कोणी सांगितलं? चाकं उचलली होतीस ना तू?"

"हो काका, दोन्ही."

"मग चाक धरून हलवून बघितलंस का?"

"नाही."

"गाडी वर होती, चाकं तुझ्या हातात होती, आणि हलवून बघितलं नाहीस?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. जेवणानंतर आम्ही ड्राइव्हवेत गेलो.

आता थोडे शरीरशास्त्र, म्हणजे काकांना काय बघायचे होते ते कळेल. बहुतेक फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. ज्यावर चाक बसते त्या लोखंडी भागाला नकल म्हणतात. नकलला वरून धरतो तो स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांची जोडगोळी. खालून धरतो तो कंट्रोल आर्म. आर्मचे आतले टोक रबरी बुशमधून गाडीच्या सांगाड्याला, आणि बाहेरचे टोक बॉल जॉइंटमधून नकलला जोडलेले असते. तिसरा हात स्टिअरिंगचा: रॅकमधून निघालेली टाय रॉड नकलला पुढे-मागे ढकलते आणि चाक वळते. टाय रॉडलाही दोन सांधे, एक आत रबरी घडीच्या पिशवीत लपलेला, एक बाहेर उघडा.

बॉल जॉइंट म्हणजे आपल्या खुब्याचा सांधा. वाटीत बसलेला गोळा, मधे ग्रीस, वरून रबरी टोपण. बाबांची प्रीमियर पद्मिनी दर काही महिन्यांनी ग्रीसिंगला जायची, मी लहानपणी मागच्या सीटवर बसून जायचे. हल्लीच्या बहुतेक गाड्यांचे सांधे बंद असतात, त्यात नवे ग्रीस भरता येत नाही. कंपन्या म्हणतात, आयुष्यभर ग्रीसची गरज नाही. आयुष्यभर म्हणजे त्या सांध्याच्या आयुष्यभर, हे छोट्या अक्षरातले राहून जाते. रबरी टोपण फाटले की हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पाणी आत जाते, ग्रीस बाहेर येते आणि गोळा वाटीला घासू लागतो. वाटी पुरेशी झिजली की एखाद्या दिवशी, बहुधा वळताना किंवा जोरात ब्रेक लावताना, गोळा वाटीतून निसटतो. मग नकलला खालून धरणारे काही उरत नाही. चाक बाहेरच्या बाजूला मुडपते, गाडी त्या कोपऱ्यावर बसते आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. पार्किंग लॉटमध्ये झाले तर टो ट्रकचा खर्च. टर्नपाइकवर झाले तर ते मला इथे लिहवत नाही.

आता खरी गंमत (गंमत कसली!) पुढे आहे. लिंकचा सांधा खुळखुळा झाला की गाडी ओरडते, पण लिंक तुटली तरी चाक जागेवर राहते. गाडी वळणावर थोडी जास्त कलेल, इतकेच. बॉल जॉइंट मात्र पुष्कळदा गप्प बसून झिजतो, कारण चालत्या गाडीत तो दाबाखाली असतो आणि ढिलाई दबून राहते. जास्त ओरडणारा भाग कमी धोक्याचा आणि गप्प बसणारा भाग जिवावरचा, असे हे उलटे प्रकरण आहे. मी आवाजाच्या मागे गेले होते आणि आवाज बंद करून मोकळी झाले होते.

काकांनी काय केले ते सविस्तर सांगते, कारण हे कोणालाही करता येते.

सर्वांत आधी सपाट सिमेंटची जागा. आमचा ड्राइव्हवे उताराचा आहे, म्हणून गाडी गॅरेजच्या आत घेतली. हँड ब्रेक ओढला, गिअर पार्कमध्ये, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ओट लावली. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जॅक लावायच्या जागा चित्र काढून दाखवलेल्या असतात, तिथेच जॅक लावला, गाडी उचलून योग्य वजनाच्या जॅक स्टँडवर टेकवली, आणि हात लावायच्या आधी बाजूने उभे राहून गाडीला धक्का देऊन बघितले की ती डुगडुगत नाही ना. नुसत्या जॅकवर कधी विसंबू नये. आपल्याकडे दगड-विटा लावायची सवय असते. इथले पोकळ सिमेंटचे ठोकळे तसे वापरू नयेत, ते पूर्वसूचना न देता फुटतात. आणि या तपासणीसाठी गाडीखाली झोपण्याची गरजच नाही. स्टिअरिंग त्या बाजूला पूर्ण वळवले की चाकामागचे सगळे बाहेरून बॅटरीच्या उजेडात दिसते.

चाक हवेत लटकत असताना काकांनी ते घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरले आणि वरून आत, खालून बाहेर, असे आळीपाळीने हलवले. उजवे चाक हलले नाही. डावे हलले. फार नाही, जेमतेम, पण हाताला "टक" असे जाणवले. मला वाटले सापडला बॉल जॉइंट. काका म्हणाले, "घाई नको, बेअरिंगही असू शकतं. आत बस आणि ब्रेक दाब." ब्रेक दाबला की चाक आणि नकल एकमेकांना घट्ट धरले जातात. बेअरिंगची ढिलाई असेल तर ती ब्रेक दाबल्यावर नाहीशी होते, सांध्याची असेल तर राहते. ब्रेक दाबूनही टक आलीच. मग त्यांनी टायरखाली लांब टॉमी घालून (आपल्याकडची छोटी पहारच ती) चाक हळूच वर उचलले, आणि मला बॅटरी घेऊन बघायला सांगितले. आर्मचे टोक जागेवर होते आणि नकल त्याच्यापासून किंचित वर जाऊन परत खाली येत होता. रबरी टोपण मागच्या बाजूने, समोरून दिसणार नाही असे, फाटलेले होते. आत ग्रीसऐवजी तांबूस चिखल.

आमच्या प्रकारच्या गाडीत या सांध्यात हाताला कळेल इतकी ढिलाई मुळीच चालत नाही. ज्या गाड्यांत थोडी चालते त्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ती मिलिमीटरमध्ये किंवा इंचाच्या अंशांत दिलेली असते, ती बघावी. पिकअप ट्रक किंवा मोठी एसयूव्ही असेल तर आणखी एक काळजी. स्ट्रटच्या गाडीत वजन स्ट्रटवर असते, म्हणून सांगाड्याखाली जॅक लावून चाक लटकवले की खालचा सांधा मोकळा होतो. पण ज्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असते तिथे गाडीचे वजन खालच्या बॉल जॉइंटवर असते. तिथे जॅक खालच्या आर्मखाली, सांध्याच्या जवळ लावावा लागतो. चुकून सांगाड्याखाली लावला तर स्प्रिंगच सांध्याला दाबून धरते आणि झिजलेला सांधाही नव्यासारखा वागतो. काही जुन्या अमेरिकन ट्रकांत सांध्यालाच खूण असते: ग्रीसच्या निपलभोवतीचा उंचवटा आत गेला की सांधा संपला. ती खूण मात्र गाडी जमिनीवर, चाकांवर उभी असताना बघायची.

मग चाक तीन आणि नऊच्या जागी धरून डावी-उजवीकडे हलवले. ही टाय रॉडची परीक्षा. ढिलाई जाणवली तर बाहेरच्या सांध्यावर बोट ठेवून बघायचे, आणि आतल्यासाठी रबरी पिशवी चिमटीत धरून आत काही टकटकते का ते चाचपायचे. याहून चांगली परीक्षा चाके जमिनीवर असताना होते. इंजिन चालू ठेवून (नाहीतर पॉवर स्टिअरिंग जड लागते) एकाने स्टिअरिंग दोन-दोन इंच डावी-उजवीकडे भराभर हलवायचे, दुसऱ्याने बाजूला बसून चाकामागे बघायचे. गाडी पार्कमध्ये, हँड ब्रेक ओढलेला, आणि बघणाऱ्याने गाडीखाली जायचे नाही. टाय रॉड हलते पण नकल क्षणभर उशिरा हलतो असे दिसले की सांधा गेला. आमच्या डाव्या टाय रॉडचे टोपण फाटलेले होते, ढिलाई अजून नव्हती. उजवी छान होती. टाय रॉडचा सांधा निसटणे हे बॉल जॉइंटइतकेच वाईट, त्या चाकाचा आणि स्टिअरिंगचा संबंधच संपतो.

बाकीचे भाग पटकन बघून झाले. आर्मच्या बुशवर वरवरच्या बारीक भेगा होत्या, कोरड्या टाचेला असतात तशा. टॉमीने हलके ढकलून बघितले तर रबर लोखंडापासून सुटलेले नव्हते. भेग आरपार असती, किंवा तेल भरलेल्या प्रकारचे बुश असून ते गळत असते, तर बदलावे लागले असते. बुश गेले की ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. स्ट्रट कोरडे होते. थोडी ओलसर धूळ चिकटलेली चालते, तेल ओघळलेले चालत नाही. स्प्रिंगचे सगळ्यात खालचे वेटोळे जरूर बघावे, मिठाच्या रस्त्यांवर ते गंजून तुटते आणि तुटलेले टोक टायरमध्ये घुसू शकते. स्प्रिंगवर हलका हात ठेवून दुसऱ्याला स्टिअरिंग वळवायला सांगितले तर वरचे बेअरिंग अडखळते का ते कळते (बोटे वेटोळ्यांच्या मधे घालायची नाहीत). ॲक्सलच्या दोन्ही टोकांची रबरी घडीची टोपणे बघितली. ती फाटली तर चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसतात, आणि पुढे पुढे पूर्ण वळताना कट-कट आवाज येतो.

टायर तर काहीही न उचलता बघता येतात आणि नेमके तेच आपण बघत नाही. तळहात टायरवरून आडवा फिरवावा, एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले तर चाकांची दिशा चुकलेली आहे, म्हणजे अलाइनमेंट किंवा टाय रॉड. फक्त आतली कड झिजलेली असेल तर तीही तशीच तक्रार. ती कड बाहेरून दिसत नाही, चाक वळवून बघावी लागते. जागोजागी खळगे असतील तर बहुधा स्ट्रट थकलेले किंवा बॅलन्सिंग बिघडलेले. आमच्या डाव्या टायरची आतली कड साफ गुळगुळीत होती. चाक काढून मी ते भिंतीला टेकवून ठेवले होते, तरी मला दिसले नव्हते. मी आवाज शोधत होते ना.

त्या रात्री भाच्याला फोन केला. "उद्या येऊ नकोस, गाडी तयार नाही." "मावशी, काय झालं?" मी म्हटले, आल्यावर सांगते. ताईला मात्र लगेच सगळे सांगितले. फोनवर थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "काकांना माझा नमस्कार सांग."

सोमवारी दुसऱ्या एका गॅरेजला गाडी टो करून नेली. चालवत नेली नाही, आमच्या विम्यात टोइंग होते. आमच्या गाडीचा बॉल जॉइंट आर्मला बोल्टने जोडलेला आहे, त्यामुळे आर्म न बदलता सुटा बदलता येतो. काही गाड्यांत तो आर्ममध्येच दाबून बसवलेला असतो, मग आख्खा आर्म घेणे पुष्कळदा मजुरीच्या हिशेबाने स्वस्त पडते. दोन्ही बाजूंचे बॉल जॉइंट मजुरीसकट ४६०, डावा टाय रॉड एंड १३५, अलाइनमेंट १२०. माझ्या लिंकचे ५८ धरून ७७३ डॉलर. उजवा बॉल जॉइंट अजून बरा होता, पण तितकेच मैल त्यानेही काढले होते, म्हणून बदलून टाकला. टाय रॉडला हात लावला की अलाइनमेंट करावीच लागते, तिथे पैसे वाचवू नयेत.

१,६०७ डॉलर वाचले हे खरे. पण पहिल्या गॅरेजच्या एस्टिमेटमध्ये बॉल जॉइंट लिहिलेला होता, आणि तो बरोबर होता. स्ट्रट कोरडे दिसल्यावर मी सगळा कागदच खोटा ठरवला. आता मी एस्टिमेट हातात आले की एकच गोष्ट करते: प्रत्येक ओळीसमोर बोट ठेवून "हे मला गाडीवर दाखवा" म्हणते. चांगला मेकॅनिक आनंदाने चाक हलवून दाखवतो, काही जण फोनवर व्हिडिओ पाठवतात. दाखवायला टाळाटाळ झाली त्या ओळीपुरते दुसरे मत घ्यावे. मोठे ऑपरेशन सांगितले की आपण दुसऱ्या डॉक्टरकडे जातोच की. आणि ज्या ओळीत बॉल जॉइंट किंवा टाय रॉड असेल ती दुसऱ्याने बघेपर्यंत गाडी उभी ठेवावी.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी, विशेषतः नव्या आलेल्या विद्यार्थ्यांसाठी, दोन गोष्टी. पैसे देण्याआधी गाडी आपल्या निवडीच्या मेकॅनिककडे उचलून बघायला न्यावी. विकणारा नाही म्हणाला तर तेच उत्तर समजावे. दुसरे, गाडीचा १७ अक्षरी-अंकी व्हीआयएन राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर घालून रिकॉल बघावेत. २००५ साली टोयोटाने टॅकोमा, फोररनर, टुंड्रा आणि सिक्वोया यांच्या खालच्या बॉल जॉइंटसाठीच रिकॉल काढला होता, तेव्हा हा विषय कोणत्याच कंपनीला नवा नाही. पहिल्या मालकाने गाडी घेतल्यापासून १५ वर्षांच्या आत निघालेल्या रिकॉलची दुरुस्ती फुकट करून देणे कंपनीला कायद्याने बंधनकारक आहे. त्यातच आणखी एक: जुन्या गाडीवर आपण बहुधा फक्त लायबिलिटीचा विमा ठेवतो. चाक मुडपून गाडी रेलिंगवर गेली तर आपल्या स्वतःच्या गाडीचे त्यातून काहीच मिळत नाही.

स्वतः दुरुस्ती करणाऱ्यांना काकांची एक सक्त सूचना आहे. बॉल जॉइंट आणि टाय रॉडचा नट हा बहुधा कंगोऱ्यांचा असतो आणि त्यातून स्प्लिट पिन जाते. ठरलेल्या टॉर्कला घट्ट केल्यावर भोक जुळले नाही तर नट आणखी पुढे फिरवून जुळवायचा, मागे सैल करून नाही. पिन दर वेळी नवी घालायची. जुनीच सरळ करून घालणाऱ्याला टेल्कोत काय ऐकावे लागायचे ते काकांनी सांगितले, पण ते इथे छापण्यासारखे नाही. बॉल जॉइंट काढायचे ओढणीयंत्र विकत घेण्याची गरज नाही, पार्ट्सच्या मोठ्या दुकानांत डिपॉझिट ठेवून ते उसने मिळते आणि परत केल्यावर पैसे परत मिळतात.

भाचा गाडी घेऊन गेला त्याला आता आठ महिने झाले. जाण्याआधी काकांनी त्याच्याकडून दोन्ही चाके बारा-सहा आणि तीन-नऊला हलवून घेतली, आणि दर ऑइल चेंजला मेकॅनिककडून तेच करवून घ्यायचे कबूल करून घेतले. नवी मिनीव्हॅनही कधीतरी जुनी होईल म्हणून मी दोन जॅक स्टँड, ओट आणि लांब टॉमी गॅरेजमध्ये टांगून ठेवले आहेत. मंडळात कोणाला लागले तर पुढच्या कार्यक्रमाला सांगावे, घेऊन येईन. काकाही येतील म्हणतात, पण जेवणात श्रीखंड असेल तर.